सल्ला हवा: आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात? बजेट 6000 रुपये

जाई_ठाणे
शनिवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कऱ्हाडला मामाकडे गेले होते. घराचं काम काढलंय म्हणून माळा रिकामा करत होतो, तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत 41 कॅसेट. बऱ्याचशा विकतच्या आहेत, प्रल्हाद शिंदे, भावगीतं, दोनचार सिनेमाच्या. त्या राहू देत. बारा कॅसेट वडिलांच्या भजनी मंडळाच्या आहेत. आणि 9 कॅसेटवर मामाच्या अक्षरात ‘आई, दळण’ असं लिहून खाली 1986 किंवा 1987 घातलंय.

मामाने तेव्हा नवा टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) घेतला होता. गावात गिरणी आलेली होती, तरी नाचणी आणि डाळी आजी घरीच दळायची. ती पहाटे जात्यावर बसली की मामा तो टू-इन-वन उंबऱ्यावर ठेवायचा आणि बटण दाबून परत झोपायचा. आजी 1994 मध्ये गेली, तेव्हा मी पाचवीत होते. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही.

मला या 21 कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. कॅसेट वाजवायला काहीच नाही. मामाचा टू-इन-वन आहे पण फिरत नाही. दोन कॅसेटच्या आत टेपवर पांढरे ठिपके दिसतात. सगळं मिळून 6000 रुपयांपर्यंत जमवू शकते, त्याहून जास्त खरंच शक्य नाही. कोणी हे केलंय का? काय घेऊ?

न्यूजर्सीकर
शनिवार, रात्री 11:05

जाई, आधी अभिनंदन, असं धन सगळ्यांना सापडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशी कामं एकदाच करायची आणि उत्तम यंत्रावर करायची. मी नाकामिची ड्रॅगन हा डेक, म्हणजे घरगुती कॅसेट प्लेअर, घेतला. 1982 चं मॉडेल आहे, पण आजही त्याच्या तोडीचं काही नाही. टेप वाजत असताना तो हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन स्वतःहून जुळवून घेतो. माझ्या आईची 1984 ची एक टेप आधी दुसऱ्या डेकवर ऐकली होती, त्यात झांजा कांबळं गुंडाळल्यासारख्या वाजायच्या. ड्रॅगनवर लावली आणि प्रत्येक झांज वेगळी ऐकू आली. इकडे वापरलेला चांगल्या स्थितीतला मिळायला वर्षभर वाट पाहिली, वर त्याची सर्व्हिसिंग करून घेतली. जमलं तर असं काहीतरी बघा. आजीचा आवाज आहे, त्यात पैशाकडे बघू नका.

माळ्यावरचा_खजिना
रविवार, सकाळी 7:40

ड्रॅगन 6000 मध्ये?? अहो, त्यात त्याचं पार्सलही यायचं नाही.

जाई, मी काय करू नका ते सांगतो. यूएसबीची वायर असलेले छोटे कॅसेट प्लेअर ऑनलाइन मिळतात, वॉकमनसारखे दिसतात. मी दोन वर्षांपूर्वी तसला एक 1900 ला घेतला. वडिलांचं कीर्तन होतं. आवाज सतत थरथरत होता, जणू वडील थंडीत उभे राहून बोलतायत. तरी मी हट्टाने सहा कॅसेट त्यावर घेतल्या. सातवीला त्याने टेप ओढून आत गुंडाळली. पेन्सिल घालून तासभर बसलो. टेप निघाली, पण पाऊण मीटरभर सुरकुतलेली. त्या जागी आता वडिलांचा आवाज बुडून वर येतो. विकणाऱ्याने माल परत घेतला नाही. त्या सहा कॅसेटही नंतर पुन्हा घ्याव्या लागल्या. तसल्या यंत्राकडे वळूच नका, एवढं ऐका.

घाटमाथा
रविवार, सकाळी 9:15

एवढा व्याप कशाला? बाहेर करून देणारे आहेत. मी आमच्या लग्नाच्या कॅसेट आणि व्हिडिओ एकदमच दिले होते, कॅसेटमागे 250 रुपये घेतले, पेन ड्राइव्हवर करून मिळालं. 21 कॅसेटचे सव्वापाच हजार होतील. बजेटात बसतं. काम झालं.

माळ्यावरचा_खजिना
रविवार, सकाळी 9:50

घाटमाथा, तुमचं चांगलं झालं. माझ्या मेहुणीने अशाच एका ठिकाणी 15 कॅसेट दिल्या, परत आल्या 14. कोणती हरवली हे त्यांनाही सांगता येईना. ज्याची दुसरी प्रत नाही ते हाताबाहेर द्यायचं नाही.

घाटमाथा
रविवार, सकाळी 10:02

सगळेच तसे नसतात. पावती घ्यायची, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या.

डेकवाला_दादर
रविवार, दुपारी 1:30

मी चाळीस वर्षं डेक आणि टेपरेकॉर्डर उघडतोय, आधी पोटासाठी आणि आता आवडीसाठी. सविस्तर लिहितो.

पहिलं, पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. त्या दोन कॅसेट बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा आणि कोणत्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठदहा दिवस ठेवा. बुरशी वाळली की घराबाहेर, नाकातोंडावर मास्क लावून, टेप हाताने हळू फिरवत कोरड्या मऊ कापडातून जाऊ द्या. घाई केली तर टेप तुटेल.

दुसरं, बाकीच्या कॅसेट लगेच वाजवू नका. पस्तीसचाळीस वर्षं एकाच जागी पडलेली टेप घट्ट बसलेली असते. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. कॅसेटच्या तोंडाशी टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर लोकरीचा छोटा तुकडा असतो, तो आहे का बघा. त्याचा डिंक सुकून तो पडलेला असतो आणि मग आवाज एकदम बारीक येतो. लोकांना वाटतं रेकॉर्डिंग गेलं, पण गेलेला असतो तो तुकडा. एखादी बिनकामाची विकतची कॅसेट उघडा आणि तिची पट्टी काढून इथे बसवा. तुमच्याकडे त्यासाठी वीस कॅसेट आहेतच. स्क्रूच्या कॅसेट सरळ उघडतात. चिकटवलेल्या असतील तर सांध्यातून पातळ सुरी घालावी लागते, ते पहिल्यांदा बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करून बघा.

तिसरं, प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही कान तोडून टाका. ते असले तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की आजीच्या आवाजावर तुमच्या खोलीतला पंखा बसेल.

चौथं, हेड साफ करायला 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात तेलकट अंश राहू शकतो. कानकोरणीचा कापूस ओला करून हेड आणि शेजारची पितळी किंवा पोलादी दांडी पुसा. रबराच्या चाकाला मात्र सौम्य साबणाचं पाणी. दर तीनचार कॅसेटनंतर पुन्हा.

यंत्राचं म्हणाल तर जुना पण चांगल्या कंपनीचा घरगुती डेक घ्या, बेल्ट बदललेला. लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत. जुन्या बाजारात स्वस्त मिळेल पण वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

स्वरांगण
रविवार, दुपारी 2:10

डेकवाल्यांशी सहमत, डेकच घ्या. माझा 1991 चा आहे, आजपर्यंत एकदाही दुरुस्ती नाही.

रबराच्या चाकालाही मी अल्कोहोलच लावतो, तीस वर्षांत काही झालेलं नाही.

डेकवाला_दादर
रविवार, दुपारी 2:25

स्वरांगण, तुमच्याकडे झालं नसेल. माझ्याकडे कडक होऊन भेगा पडलेली चाकं डबाभर आहेत.

स्वरांगण
रविवार, दुपारी 2:31

ती वयानेही पडतात. सगळा दोष अल्कोहोलला देऊ नका.

जाई_ठाणे
रविवार, संध्याकाळी 6:45

डेकवाले काका, किती नीट सांगितलंत, मनापासून आभार. दोन बुरशीच्या कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवल्या. कान सगळ्यांचे तोडले. एका कॅसेटचा तुकडा खरंच पडलेला आहे, 1987 ची आहे.

डेक मिळाला तर तो लॅपटॉपला कसा जोडायचा? लॅपटॉपला एकच गोल भोक आहे, हेडफोनचं.

बिट_आणि_बाइट
रविवार, रात्री 8:15

त्या भोकात जोडू नका. ते हेडफोन आणि माइक एकत्र असलेलं असतं, त्यातला माइकचा भाग एकाच चॅनलचा असतो आणि माइकच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेला असतो. डेकचा सिग्नल त्यापेक्षा कितीतरी तगडा, आवाज फाटतो. मी हीच चूक करून सासऱ्यांच्या पोवाड्याच्या दोन टेप फाटक्या आवाजात उतरवल्या होत्या, पुन्हा कराव्या लागल्या.

लाइन-इन असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या, तो डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेतो. मी बेरिंगर यूसीए222 वापरतो, लाल रंगाची काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए वायरी थेट बसतात. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. शून्याला टेकलं की तो भाग कायमचा फाटला.

न्यूजर्सीकर
रविवार, रात्री 9:00

यूसीए222 फक्त 16 बिट आहे, म्हणजे आवाज कमी बारकाईने मोजतो. फोकसराइट स्कार्लेट घ्या, 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झपर्यंत जातो. जपून ठेवायची प्रत 24 बिटपेक्षा कमी नसावी.

बिट_आणि_बाइट
रविवार, रात्री 9:20

त्यांनी बजेट 6000 सांगितलंय. उंबऱ्यावर ठेवलेल्या टू-इन-वनच्या अंगच्या माइकवर झालेलं रेकॉर्डिंग आहे ते. 16 बिटमध्ये 96 डेसिबलचा पल्ला मिळतो, साध्या कॅसेटचा पल्ला फार तर 50-60 डेसिबल. 24 बिटने खरखर जास्त अचूक मोजली जाईल, बाकी काही नाही.

न्यूजर्सीकर
रविवार, रात्री 9:34

24 बिटमध्ये लेव्हल कमी ठेवून निर्धास्त राहता येतं, तो फायदा तुम्ही सांगत नाही आहात.

बिट_आणि_बाइट
रविवार, रात्री 9:41

तो आहे, मान्य. पैसे असतील तर घ्यावं.

घाटमाथा
रविवार, रात्री 10:10

एमपी3 मध्येच करा ना सरळ. पेन ड्राइव्हवर गाडीतही वाजतं.

बिट_आणि_बाइट
रविवार, रात्री 10:25

ऐकायला एमपी3 करा, हवं तितकं. पण मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच. एमपी3 बनवताना जो आवाज फेकला जातो तो परत येत नाही. वेव्हची एक तासाची फाइल 600 एमबीच्या आसपास होते, म्हणजे 21 कॅसेट मिळून 12-13 जीबी. 90 मिनिटांच्या असतील तर 20 जीबीपर्यंत. आजकाल एवढी जागा काहीच नाही. फ्लॅक केली तर साधारण निम्मी होते आणि काहीही हरवत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, मामांकडे समजा. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॅपवर पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

78_चा_वेडा
सोमवार, सकाळी 6:50

थोडं अवांतर, पण उपयोगाचं आहे. माझ्याकडे लाखेच्या 400 तबकड्या आहेत, त्यामुळे कॅसेटचं मला फार कळत नाही. कॅसेट हे मुळात बोलणं टिपण्यासाठी फिलिप्सने 1963 मध्ये काढलेलं साधन आहे, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी पावणेचार मिलिमीटरची पट्टी. तबकडीशी त्याची तुलना नको.

सांगायचं ते वेगळं. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसाला हा आवाज कोणाचा हे कळायला हवं. आज सव्वाशे वर्षांनी आपण ती तबकडी ओळखतो ती त्या नावामुळे. तुम्ही मामांना समोर बसवा आणि प्रत्येक कॅसेटबद्दल त्यांना बोलायला लावा: कोण गातंय, गाव कोणतं, महिना कोणता, सोबत कोण होतं. मोबाइलवर मुद्रित करा आणि त्या त्या कॅसेटच्या फाइलजवळ ठेवा. मामांचं वय वाढतंय, हे आधी करा. यंत्र नंतरही मिळेल.

स्वरांगण
सोमवार, सकाळी 8:05

हे फार छान सुचवलंत. आमच्या वडिलांच्या टेपांवर फक्त ‘कार्यक्रम 2’ असं लिहिलंय. कुठला कार्यक्रम, विचारायला आता कोणी नाही.

ओवी_संग्रह
सोमवार, दुपारी 12:40

मी मुळशी आणि भोरकडच्या बायकांच्या ओव्या लिहून घेते, म्हणून राहवलं नाही.

जाई, पारीच्या संकेतस्थळावर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, जात्यावरच्या ओव्यांचा मोठा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्याचा माहितीसाठा उभा केला. तिथे प्रत्येक ओवीजवळ गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तालुका आहे, बऱ्याच ठिकाणी आवाजही आहे. एक संध्याकाळ काढून ऐका. आपल्या आजीच्या ओव्यांची चाल कुठल्या पट्ट्यातली आहे ते कळेल, आणि फाइलला नाव कसं द्यायचं तेही कळेल.

एक विनंती. सगळं उतरवलं की लगेच सगळ्यांसाठी नेटवर चढवू नका. ओवीत बाई सासूबद्दल बोलते, नवऱ्याबद्दल बोलते, गेलेल्या लेकराबद्दल बोलते. पहाटेच्या अंधारात, ऐकणारं कोणी नाही असं समजून बोलते. तुमच्या मामाने बटण दाबलंय हे आजीला माहीत होतं का, हे मामांना विचारा. आणि मावशी, मामी, सगळ्यांनी ऐकल्यावर ठरवा.

घाटमाथा
सोमवार, दुपारी 1:15

चाळीस वर्षं झाली, आता कोणाला काय वाटणार? आणि कॉपीराइट तर आजीच्या घरच्यांचाच.

ओवी_संग्रह
सोमवार, दुपारी 1:30

ज्यांच्याबद्दल गायलंय त्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत. मला एका गावात हे निस्तरावं लागलंय, म्हणून सांगते. कायद्याचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

पट्टीचा_ऐकणारा
सोमवार, रात्री 9:10

मी हार्मोनियम वाजवतो, भजनाच्या बाराही कॅसेटसाठी माझं ऐका. वडिलांच्या मंडळाची पेटी अजून कोणाकडे असेल तर ती शोधा. कॅसेट वाजवा आणि पेटीवर सूर लावा. मंडळ काळी एकमध्ये गायचं हे कोणाला तरी आठवत असेल आणि कॅसेटमधून काळी दोन, म्हणजे एक पूर्ण सूर वर, ऐकू येत असेल, तर टेप सुमारे 12 टक्के जोरात पळतेय. अर्ध्या सुराला साधारण 6 टक्के हे गणित लक्षात ठेवा. ऑडॅसिटीत वेग बदलायची सोय आहे, सूर आणि लय दोन्ही एकदम जागेवर येतात.

अजून एक. रेकॉर्डिंग सेलवर झालं असेल आणि सेल उतरत गेले असतील, तर रेकॉर्ड होताना टेप हळूहळू मंद होत गेली. आज ती योग्य वेगाने वाजवली की आवाज शेवटाकडे चढत जातो, बुवा शेवटच्या अभंगाला पोरगेले वाटतात. आमच्या मंडळाच्या 1988 च्या टेपमध्ये अगदी असंच आहे. तिथे एकच आकडा घालून चालत नाही, तुकड्या-तुकड्याने करावं लागतं.

ओव्यांना पेटी नाही. रेकॉर्डिंग विजेवर झालं असेल तर मागे बारीक गुणगुण असते, ती आपल्या विजेची 50 हर्ट्झची. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढून बघा. ती 53 ला दिसली तर टेप 6 टक्के जोरात आहे. तेव्हा विजेचीही फ्रिक्वेन्सी थोडी हलायची, त्यामुळे हा अंदाजच, पण चांगला अंदाज.

वऱ्हाडी_रेडिओ
सोमवार, रात्री 10:30

सगळे यंत्राबद्दल बोलताहेत, मी नंतरच्या चुकीबद्दल बोलतो. माझ्याकडून झाली आहे आणि अजून छातीत सलते.

आमच्या आत्याच्या ओव्यांची एक कॅसेट होती. मी ती लॅपटॉपवर घेतली, बरी आली. मग वाटलं खरखर काढूया. ऑडॅसिटीत खरखर कमी करायची सोय आहे. आवाज नसलेला एक तुकडा दाखवायचा, म्हणजे तसला आवाज ते सगळीकडून काढतं. मी दाखवला तो तुकडा म्हणजे दोन ओव्यांच्या मधली जागा. पण तिथे जात्याची घरघर होती. सॉफ्टवेअरने जातंच काढून टाकलं. आत्याचा आवाज उरला तो पाण्याखालून यावा तसा. जात्याच्या फेऱ्यावर ती शब्द टाकायची, फेराच गेला तर ओवीला उभं राहायला जागा कुठे उरते? आणि मी ती फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली होती. कॅसेट पुन्हा लावायला गेलो तर तोवर भावाने आवराआवरीत टाकून दिली होती.

जाई, मूळ फाइलला हात लावू नका. वाटलंच तर प्रत काढून तिच्यावर करा. खरखर काढायचीच असेल तर कॅसेटच्या सुरुवातीचा, गाणं सुरू व्हायच्या आधीचा कोरा भाग दाखवा, आणि अगदी थोडी काढा. जात्याचा आवाज म्हणजे खरखर नव्हे.

डेकवाला_दादर
सोमवार, रात्री 10:55

वऱ्हाडी, वाचून वाईट वाटलं. तंबोऱ्याचंही असंच होतं, सतत वाजणारा सूर सॉफ्टवेअरला कचराच वाटतो.

जाई, यात अजून एक गोष्ट ऐकू येईल. टू-इन-वनमध्ये लेव्हल आपोआप वरखाली करणारं सर्किट असायचं. आजी थांबली की ते आवाज वाढवतं, म्हणून मधल्या जागेत जातं एकदम मोठं होतं आणि आजी गायला लागली की मागे जातं. टेप बिघडली असं समजू नका. ते तेव्हाच तसं टिपलं गेलंय.

स्वरांगण
मंगळवार, सकाळी 9:00

थोडक्यात डेक, यूसीए222, ऑडॅसिटी. डेक चांगला घ्या. माझा 1991 चा...

जाई_ठाणे
मंगळवार, रात्री 11:15

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, वहीत उतरवून घेतले. वऱ्हाडी दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

डेकची दोन ठिकाणी चौकशी केली. एक 7500 सांगतात, दुसरे 4800 पण बेल्ट आपण बदलायचा. मी डेक घेत नाही. मामाचाच टू-इन-वन दुरुस्त करायचा असं ठरवलंय.

न्यूजर्सीकरांनी सुरुवातीला लिहिलं होतं की ड्रॅगन हेडचा कोन जुळवतो. म्हणजे रेकॉर्ड झालं त्या कोनात वाजवलं तर आवाज उघडा येतो, बरोबर ना? या नऊही कॅसेट याच एका यंत्रावर, याच हेडने रेकॉर्ड झाल्यात. मामा म्हणतो त्याने हेडच्या स्क्रूला कधी हात लावलेला नाही. मग सगळ्यात जुळणारा कोन याच यंत्रात असणार. कऱ्हाडात एक जुने कारागीर आहेत, त्यांनी उघडून सांगितलं की बेल्ट वितळून डांबर झालाय आणि मोटर चांगली आहे. बेल्ट, साफसफाई आणि मजुरी मिळून 650 रुपये. मागे पाच पिनांचं गोल सॉकेट आहे, त्याची आरसीए वायर ते करून देणार आहेत.

न्यूजर्सीकर
मंगळवार, रात्री 11:50

कोनाचं तुमचं बरोबर आहे. पण टू-इन-वनची मोटर स्थिर नसते, वेग डुलतो. तो दोष तुम्ही आता कायमचा फाइलमध्ये घालणार. माझा सल्ला अजूनही डेकचाच.

डेकवाला_दादर
बुधवार, सकाळी 8:20

मीही नकोच म्हणेन. हेड चाळीस वर्षं घासलेलं असेल. पण ठरवलंच असेल तर कारागिरांना सांगा, हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूला अजिबात हात लावायचा नाही. बरेच जण ‘ट्यून’ करून देतात. तेवढ्यासाठीच तुम्ही हे यंत्र निवडताय, तेच जाईल. आणि बेल्ट बसला की पहिली कॅसेट विकतची लावा, आजीची नको.

माळ्यावरचा_खजिना
बुधवार, सकाळी 9:05

डेकवाल्यांना अनुमोदन. पहिली कॅसेट टाकाऊच लावा. मी लावली असती तर...

जाई_ठाणे
पुढच्या आठवड्यात रविवार, रात्री 9:30

फोन करून स्क्रूचं सांगितलं. कारागीर म्हणाले, ‘ताई, बरं झालं बोललात, मी फिरवणारच होतो.’ डेकवाले काका, तुमच्यामुळे वाचलं.

यूसीए222 वापरलेला एकाकडून 1800 ला मिळाला. वायर 200, अल्कोहोल आणि सिलिका जेल मिळून 310. एकूण 2960 झाले.

पहिल्या विकतच्या कॅसेटला टेप नीट फिरली. मग 1986 ची पहिली लावली. आवाज डुलतो, थोडा, न्यूजर्सीकर म्हणाले तसाच. पण जात्याचा दगड दगडावर घासतो ते इतकं स्वच्छ येतंय की मावशी म्हणाली, हे आपलं मोठं जातं, धाकट्याचा आवाज असा नव्हता. आजी थांबली की ते एकदम जवळ येतं, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसं.

गुणगुण 51 च्या जवळ दिसतेय. वेगाला हात लावलेला नाही.

मामाला विचारलं. पहिल्या दोन दिवशी आजीला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला कळलं, ती चिडली नाही, म्हणाली ‘मग शेजारणीला पण बोलाव’. आणि खरंच, तिसऱ्या कॅसेटवर दोन आवाज आहेत. खुंट्याला समोरासमोर बसून दोघी दळताहेत, एक ओळ आजीची, एक तिची. मावशीने तिला आवाजावरून लगेच ओळखलं. ती काकू 2003 मध्ये गेली. तिची लेक आता विट्याला असते. तिच्याकडे आईचा फोटोसुद्धा नाही, लग्नातल्या एका गर्दीच्या फोटोत डोकं दिसतं तेवढंच. मावशीने काल फोन केला. पुढच्या रविवारी ती कऱ्हाडला येतेय. ओवी_संग्रह ताई, ती ऐकेपर्यंत ही फाइल आमच्या घराबाहेर कुठेच जाणार नाही.

दोन प्रश्न राहिलेत. बुरशीच्या कॅसेटला आज नववा दिवस, ठिपके कोरडे वाटतात पण कडेला थोडं पिवळट आहे. अजून थांबू का? आणि दुसऱ्या कॅसेटमध्ये आजी तीनदा ‘आळवणीचं पाणी’ म्हणते. मावशीला सांगता येत नाही. पाटण, कऱ्हाडकडच्या कोणाला माहीत आहे का?

डेकवाला_दादर
रविवार, रात्री 9:55

थांबा. अजून आठ दिवस. पुड्या बदला.